सोमवारी बंद

१

बसवेशला त्याच्या शेतात माती दिली त्याला पंधरवडा उलटला होता, आणि साक्षीच्या संगणकावर त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला.

तिने हातातला चहा खाली ठेवला. हिरवा ठिपका म्हणजे बसवेशचा नोड चालू आहे आणि तिच्या नोडशी बोलतो आहे.

नोड म्हणजे घराच्या कोपऱ्यात बसणारा छोटा संगणक. आभासी चलनात जगभर झालेला प्रत्येक व्यवहार तो जवळ ठेवतो, नवा आला की तो नियमाला धरून आहे का ते तपासतो आणि शेजारच्या नोडला कळवतो. त्याबद्दल त्याला कुणी काही देत नाही. साक्षी भौतिकशास्त्रात एमएस्सी झाली होती आणि कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती. कुणी काही देत नसताना हजारो लोक असं यंत्र का चालवतात, या कुतूहलापोटी तिने बसवेशकडून ते शिकून घेतलं होतं.

दोघांचेही नोड टॉरवरून चालत. टॉर हे निरोप तीन अनोळखी हातांतून फिरवणारं जाळं आहे. प्रत्येक हाताला फक्त आधीचा आणि पुढचा हात माहीत असतो. नोडचा पत्ता ही एक लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरांची माळ असते आणि ती त्या यंत्रातच ठेवलेल्या गुप्त किल्लीतून तयार होते. यंत्र उचलून दुसऱ्या गावी नेऊन जोडलं तरी पत्ता तोच राहतो. ते यंत्र पृथ्वीवर कुठे आहे, हे मात्र तो पत्ता सांगत नाही.

बसवेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यात देखभालीचं काम करायचा. पाळी संपवून मोटरसायकलवरून खोलीकडे येताना हायवेवर ट्रकखाली गेला. त्याचं सामान गावी हललं त्या दिवशी ठिपका करडा झाला होता. यादीतून त्याचं नाव काढायला साक्षीचा हात धजला नव्हता, एवढंच.

तिने संघर्षला फोन लावला. संघर्ष मूळचा गारगोटीचा. बसवेशच्याच कारखान्यात होता आणि कागलच्या त्या खोलीत त्याच्याबरोबर राहायचा.

"बशाचं मशीन तू लावलंयस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"मशीन चोरीला गेलंय म्हणून. आन् चोर मी हाय म्हणून."

२

बसवेशच्या वडिलांची, बाळाप्पांची, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाची अडत होती. ते अडतीच्या माडीवरच राहायचे. घर आणि शेती गडहिंग्लजच्या पुढे, सीमेलगतच्या गावात. तिथे त्यांची बायको हिराबाई असायची. पूर्वी ते दर शनिवारी गावी जात. पोराला माती देऊन आल्यापासून एकदाही गेले नव्हते.

"बसा बाई," ते म्हणाले. कपाळावर भस्माचे पट्टे होते, दाढी वाढली होती. "तुमी त्येच्या वर्गातल्या?"

"मैत्रीण. संघर्षचीपण."

"मग उठा."

साक्षी उठली नाही. "काका, त्याच्यावर अर्ज का दिलात?"

"खोलीत दोघंच हुती. एक गेला. ऱ्हायला कोण?"

"तो मशीन घेऊन काय करेल?"

"ह्ये त्येलाच इचारा की. त्येच्या कारखान्याचं राजवीरशेठ म्हणत्यात, त्यात करोडो आसत्याल. माझं पोरगं दिवसरात्र त्येच्यापाशी बसायचं. उगंच बसंल व्हय?" त्यांनी समोरची गुळाची ढेप बोटाने दाबून बघितली, आणि कशासाठी दाबली ते विसरल्यासारखं बोट तसंच ठेवलं. "मला पैशे नकोत, बाई. पर त्येनं जमवल्यालं दुसऱ्यानं खाल्लं, तर मला माती ग्वाड लागंल का?"

"सामान हलवलं तेव्हा कोण कोण होतं?"

"मी, घरातली, त्यो संघर्ष, आन् टेंपोवाला गुंडू. गुंडू खाली उतारलाच न्हाई, संघर्ष सामान खाली टेंपोत न्हेत हुता. मी म्हणलं, समदं वाटून टाका, डोळ्याम्होरं नको. हिनं ऐकलं न्हाई. त्येच्या चादरीत बांधून गठुडं मांडीवर घिऊन बसली. त्येचे कपडे, दुसरं काय आसणार?"

"मशीन त्या वेळी खोलीत होतं?"

"मी त्या खोलीत उभा ऱ्हायलो न्हाई, बाई. जिन्यात बसलो हुतो."

साक्षी निघाली तेव्हा ते मागून म्हणाले, "त्येची नोकरी लागलीया म्हणं. सरकारी. पोलिसांचा दाखला लागतोय. आता बघू कसा मिळतोय."

ते साक्षीला माहीत नव्हतं. संघर्ष परीक्षा देतो आहे हे ठाऊक होतं. तो पास झाल्याचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण पहिल्यांदा सांगायचं होतं ते बसवेशला.

३

राजवीर कारखान्याच्या मालकाचा मुलगा. फोनवर चार नाणी घेऊन-विकून झाल्यावर आपल्याला या विषयातलं सगळं कळतं, अशी त्याची खात्री झाली होती.

"मॅडम, मायनिंग होतं ते," तो म्हणाला. "शंभर टक्के."

"नोड होता. नवी नाणी कमवणारी खाण वेगळी, नोड वेगळा. नोडमधून काही मिळत नाही."

"मग चालवत कशाला होता? येडा होता का?"

"तुम्ही त्याच्या खोलीवर गेला होता ना, अपघातानंतर?"

राजवीर खुर्चीत सरळ झाला. "कंपनीचा लॅपटॉप आणायला. मला विचारताय का संशय घेताय?"

"विचारतेय."

"डबा तिथंच होता. फॅन फिरत होता. माझ्या डोळ्यांनी बघितलाय. मी हात लावला नाही."

"लावावासा वाटला?"

तो हसला. "वाटला की. पण शेजारी हा संघर्ष बसला होता, दगडासारखा. सापडलं तर मलाच द्या म्हणावं, उघडून देतो. फॉरमॅट मारला की कळतंय आत काय आहे ते."

फॉरमॅट मारला की आतली किल्ली पुसली जाईल आणि तो पत्ता जगातून कायमचा जाईल. हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. बाहेर पडताना साक्षीची नजर कारखान्याच्या फाटकावरच्या पाटीवर गेली. साप्ताहिक सुट्टी: सोमवार.

ती थांबली. ठिपका परत आल्यापासून ती रोज बघत होती. एरवी तो मधूनच थोडा वेळ जायचा आणि परत यायचा. दिवसभर बंद फक्त सोमवारी असायचा.

४

पुढे ती सोमवार मोजमापाने बघू लागली. पहाटे ठिपका करडा व्हायचा, दिवसभर तसाच राहायचा, संध्याकाळी पुन्हा हिरवा. बसवेश जिवंत असताना असं कधीच झालं नव्हतं. त्याचा नोड सणावारीही चालू असायचा.

आधी तिला राजवीरचा संशय आला. यंत्र कारखान्यात लपवलं असेल आणि सुट्टीच्या दिवशी मुख्य वीज बंद होत असेल, तर ठिपका जाणारच. पण दोन गोष्टी जुळेनात. कारखाना रविवारी रात्रपाळी संपली की बंद होई तो मंगळवारीच उघडे, आणि ठिपका मात्र सोमवारी संध्याकाळीच परत येई, फाटकाला कुलूप असताना.

दुसरी गोष्ट जास्त पक्की होती. वीज अचानक गेली की पलीकडचा नोड काही न सांगता नाहीसा होतो. आपला नोड बराच वेळ त्याची वाट बघतो, मगच ठिपका करडा करतो. बटण दाबून नीट बंद केला, तर तो स्वतःच साऱ्या जोडण्या सोडतो आणि ठिपका तत्काळ जातो. एरवी मधूनच लाईट जायची तेव्हा ठिपका रेंगाळत जायचा. सोमवारी तो क्षणात जायचा.

म्हणजे सोमवारी पहाटे कुणीतरी उठत होतं आणि बटण दाबत होतं.

सोमवारी पहाटे उठणारा एकजण साक्षीला माहीत होता. संघर्षला सोमवारी सुट्टी असे. तो पहिल्या गाडीने गारगोटीला आईकडे जायचा आणि संध्याकाळी कागलला परतायचा. खोली सोडताना माणूस यंत्र बंद करतो, परतल्यावर सुरू करतो.

हे सुचलं तेव्हा तिला स्वतःचा राग आला. पण मोजमाप आवडत्या माणसासाठी बदलता येत नाही. तिने त्याला सरळच सांगितलं. विचारेमाळावरच्या तिच्या घरी, तिच्या आईसमोर, बनाबाईंसमोर.

संघर्षने सगळं ऐकून घेतलं. "तूपण?" एवढंच तो म्हणाला.

"ह्या रविवारी इथं मुक्कामाला ये," साक्षी म्हणाली. "फोन माझ्या आईपाशी ठेवायचा."

"म्हंजे दुसरी चौकी."

"अरं, ये की," बनाबाई म्हणाल्या. "त्या चौकीत च्या तरी मिळतोय का? हितं माझ्या हातचं कालवण हाय. आन् माझी ही पोरगी पाणीसुद्धा तपासल्याबिगर पीत न्हाई, तिथं तुझं काय घिऊन बसलास?"

तो आला. सोमवारी पूर्वेला तांबडं फुटत असताना दोघे संगणकासमोर बसले होते. फोन बनाबाईंच्या पदराच्या गाठीशी होता. ठिपका हिरवा होता. बनाबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्याच वेळी ठिपका गेला. रेंगाळला नाही.

संघर्षने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"मी हितं हाय," तो हळू म्हणाला. "मग तिकडं कोण हाय, साक्षी?"

५

संघर्ष सुटला होता, पण फक्त साक्षीपुरता. पोलिसांना हिरव्या ठिपक्याचं काय सांगणार? दाखल्याची मुदत जवळ येत होती. घरमालकाने त्याला दुसरी खोली बघायला सांगितलं होतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "तुमचं निपटलं की या परत," असं म्हणाला होता.

साक्षीने हिवाळ्यापासूनचे सारे सोमवार एका आलेखावर मांडले. ठिपका जाण्याच्या खुणा एका ओळीत यायला हव्या होत्या, पण त्या सरकत होत्या. थंडीत उशिरा, मग दर सोमवारी किंचित लवकर. संध्याकाळच्या खुणा उलट सरकत होत्या, किंचित उशिरा. दोन्ही रेषा एकमेकींपासून दूर जात होत्या, दिवस मोठा होत जातो तशा.

एसटीची पहिली गाडी घड्याळावर सुटते. कारखान्याचा भोंगा घड्याळावर वाजतो. अडत, कचेरी, सगळं घड्याळावर. हा माणूस घड्याळ बघत नव्हता, सूर्य बघत होता. तांबडं फुटलं की बंद, दिवा लागला की सुरू.

सूर्याबरोबर उठणारं, बसवेशच्या वस्तूंपर्यंत हात पोचलेलं एकच माणूस होतं, आणि त्याला आजवर कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, पोलिसांनी नाही. साक्षीनेही नाही.

पुढच्या सोमवारी ती रजा टाकून गडहिंग्लजच्या गाडीत बसली.

गावात उसाचे ट्रॅक्टर फिरत होते, पण बसवेशच्या घरासमोर दोन बैल सावलीत रवंथ करत होते. औत भिंतीला टेकवलेलं. हिराबाई त्यांच्या अंगावरून हात फिरवत होती. गळ्यात चांदीची चौकट, लिंगाची.

"आज औत बंद?" साक्षीने ओळख सांगून झाल्यावर विचारलं.

"सोमवार न्हवं का आज," हिराबाई म्हणाली. तिच्या मराठीत कानडीचा हेल होता. "सोमवारी बैल जुपत न्हाईत आमच्यात. नंदी त्यो, शिवाचा. आठवडाभर राबतोय, एक दीस त्येला बसाय नको? तुमच्याकडं न्हाई व्हय?"

"आमच्याकडं बैल नाहीत, मावशी."

"आन् जे राबतंय त्ये?"

साक्षी उंबऱ्यातून आत बघत होती. सोप्यात भिंतीवर इंटरनेटची पांढरी डबी होती. बसवेशने आईला व्हिडिओवर बघता यावं म्हणून बसवून घेतलेली. तिच्या खाली पाटावर काहीतरी ठेवलं होतं, वर धुतलेलं फडकं.

"मावशी, ते बसवेशचं मशीन आहे?"

"व्हय की," हिराबाई म्हणाली. लपवण्याचा विचारही तिच्या चेहऱ्यावर नव्हता. "आज निजलंय. दिवा लागला की सोमवार सुटतोय, मग उठवीन."

तिने फडकं बाजूला केलं. "आदी हितंच हुतं ह्ये. पर लाईट लई जायची म्हणून त्यानं कागलला न्हेलं. तवा दाखवल्यालं, अव्वा, ही काळी वायर हितं, पांढरी तितं. लाईट गेली तर भिऊ नगंस, आली की आपलं आपण उठतंय. आन् बंद करायचं तर वायर वढू नगंस, बटन दाब, म्हंजे त्ये आपलं आपण आवरून निजतंय. मी म्हणलं, ह्ये करतंय तरी काय? तर म्हणला, राबतंय, अव्वा. जगाचा हिशोब तपासतंय आन् कुणाकडनं दमडी घेत न्हाई. म्हणला, ह्ये चालू आसलं की समजायचं तुझा ल्योक जगात हाय."

तिने फडकं झटकलं. "त्येनं इतकी वर्सं एक सोमवार दिला न्हाई बघ त्येला. तरणं पोरगं, त्येला काय कळतंय? आता माझ्याकडं हाय तर मी देतो."

दारातला बैल शेपटी हलवत होता. साक्षीला वाटलं, आता गप्प बसावं, गाडी धरावी आणि परत जावं. मग तिला घरमालकाशी न भांडता कपडे भरणारा संघर्ष आठवला.

"मावशी, हे चोरीला गेलं म्हणून काकांनी अर्ज दिलाय. संघर्षवर. त्याची नोकरी जाईल."

हिराबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "कुणावर?"

"संघर्षवर."

"त्या पोरानं माझ्या बसूला हास्पिटलात तोंडात पाणी घातलंया." तिचा आवाज एकदम चढला. "मला कुणी सांगितलं का न्हाई? इचारलं का न्हाई कुणी? म्या चादरीत बांधून त्येंच्या म्होरनं आणलंय की!"

"पण हे अडतीवर नेलं, तर काका मशीन राजवीरकडे देतील. तो उघडेल. मग बसवेशचा पत्ता राहणार नाही," साक्षी म्हणाली. "हे तुम्हाला सांगायला पाहिजे."

हिराबाईने काळी वायर काढली, पांढरी काढली, दोन्ही नीट गुंडाळल्या.

"गाडी किती वाजता हाय?" तिने विचारलं.

६

हिराबाईने अडतीत येऊन गठुडं गादीवर ठेवलं तेव्हा हमाल, दोन गुळवे आणि दिवाणजी समोर होते. तिने कुणाला हटवलं नाही.

"चोर आलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "बांधा."

बाळाप्पांनी चादर सोडली. पोराच्या पलंगावरची ती निळी चादर त्यांनी ओळखली. आतल्या डब्याला त्यांनी हात लावला नाही.

"ह्यात काय हाय?" त्यांनी साक्षीला विचारलं. पहिल्यांदाच खरंच जाणून घ्यायला.

"पैसे नाहीत, काका. एकही नाणं नाही. लोकांचे व्यवहार खरे आहेत का, ते तपासायचं काम करत होतं."

"फुकट?"

"फुकट."

"मग त्यो कशाला चालवत हुता?"

"कुणीतरी चालवायला पाहिजे, असं म्हणायचा."

बाळाप्पा चप्पल न घालताच चौकीवर गेले. अर्ज मागे घेतला आणि परत येताना संघर्षला बरोबर घेऊन आले. त्याला कसं बोलावलं, काय म्हणाले, हे दोघांपैकी कुणी कधी सांगितलं नाही.

माडीवर चौघं बसले. बाळाप्पांच्या फोनवर राजवीरचा कॉल वाजत होता. बाळाप्पांनी तो बंद करून उशीखाली घातला.

"माझं चुकलं, संघर्ष," ते म्हणाले. "ह्ये तू घिऊन जा. तुझ्याकडंच चालू दे. त्येला तुझ्यापेक्षा जवळचं कोण हुतं?"

संघर्ष खिडकीकडे बघत होता. "नको, काका."

"रागानं बोलू नगंस."

"राग न्हाई. राग असता तर बरं झालं असतं." तो थांबत थांबत बोलत होता. "दाखला मिळंल. नोकरीपण लागंल. पण परत कदी काय हरवलं, तर लोक पयल्यांदा माझ्या खोलीत बघतील. मी चोर न्हाई ह्ये आता सगळ्यांना कळलंय. पण त्याच्या आदी मी चोर आसंन असं सगळ्यांना वाटलं हुतं, ह्ये मला कळलंय. बशा असता तर त्याला सांगितलं असतं. आता त्याची वस्तू माझ्या खोलीत नको. मला ती बघवणार न्हाई."

बाळाप्पांनी मान खाली घातली.

हिराबाईने नवऱ्यासाठी आणलेला डबा उघडला. ज्वारीच्या दोन भाकरी, झुणका, शेंगदाण्याची चटणी. तिने सगळं एकाच ताटात वाढलं आणि ताट संघर्षपुढे सरकवलं.

"सकाळधरनं काय खाल्लंयस?" तिने विचारलं.

"भूक न्हाई, अव्वा."

अव्वा हा आईसाठीचा बसवेशचा शब्द. तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं. हिराबाईने ऐकलं नाही असं दाखवलं, भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला आणि त्याच्या हातात ठेवला.

तो खाली मान घालून जेवला. सगळं संपवलं. मधे एकदा घास अडकला तेव्हा बाळाप्पांनी उठून तांब्या पुढे केला. मग त्याने ताट स्वतः नेऊन धुतलं, भिंतीशी उभं केलं, हात पुसले आणि दोघांच्या पाया पडून जिना उतरून गेला. यंत्र जिन्याच्या तोंडाशीच होतं. जाताना त्याने त्याच्याकडे बघितलं नाही.